तुमचं घर हिरवं, पाणी शेजाऱ्याच्या घरात

मुंबईत सध्या विकायला निघालेली प्रत्येक इमारत हिरवी आहे. साधी, सिमेंटच्या रंगाची इमारत आता कोणी बांधतच नाही. छपरावर सौर पॅनेल, तळघरात सांडपाण्याचं शुद्धीकरण, पार्किंगमध्ये विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग, नळांना पाणी वाचवणाऱ्या जाळ्या, आणि या सगळ्यावर कुठला तरी ‘गोल्ड’ नाहीतर ‘प्लॅटिनम’ शिक्का. ब्रोशरमध्ये फुलपाखरं असतात, झोपाळ्यावर बसलेले आजोबा असतात. नसते ती एकच माहिती: ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, तिथे पूर्वी काय होतं? तिवरं होती, मिठागर होतं, भातखाचर होतं की ओढा वाहत होता? विचारून बघा. उत्तर मिळेल, “सर, स्टेशनपासून सात मिनिटं.”

मला या हिरवेपणाची चीड येते आणि ती लपवायचा माझा विचार नाही. पूर येणाऱ्या शहरात घर टिकाऊ आहे की नाही, हे आधी जमीन ठरवते, मग जोतं ठरवतं, मग शेजार ठरवतो. सौर पॅनेलची पाळी त्यानंतर येते. बिल्डर हा क्रम बरोब्बर उलटा करून विकतो. शिकलेसवरलेले लोक तो तसाच विकत घेतात, आणि वर आपण पृथ्वीसाठी काहीतरी केलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात.

२६ जुलै २००५ चं नाव काढलं की आपण मुंबईकरांच्या माणुसकीचे गोडवे गायला लागतो. माणुसकी होतीच. पण जरा आकडेही बघू. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला फक्त ७३. शहर तेच, दिवस तोच. २०२५ साली उलटं झालं. २६ मेला पावसाने दक्षिण मुंबई धुऊन काढली, कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला, आणि वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचं स्टेशन पाण्याखाली गेलं. सुरू होऊन त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. बांधकाम नवंकोरं आहे, आधुनिक आहे, महागडं आहे, याचा पाण्याला काही फरक पडत नाही. पाणी फक्त उतार बघतं.

आणि या शहराने पाण्याची वाट कशी आखली आहे? मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या होत्या, तेही ओहोटी असेल तर. त्या हिशेबात असं धरलेलं होतं, की पडलेल्या पावसातला निम्मा जमिनीतच मुरेल. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल आला आणि धूळ खात पडला. २००५ च्या प्रलयाने तो बाहेर काढायला लावला. नव्या हिशेबात क्षमता तासाला ५० मिलिमीटर धरली गेली. आणि जमिनीत किती मुरेल असं धरलं? शून्य. पडेल तो थेंब न् थेंब गटारातच येणार, असं मानून वाहिन्यांची मापं काढली. आखणाऱ्या इंजिनिअरांना मी दोष देत नाही; त्यांनी समोर दिसलं ते लिहिलं. या शहराने स्वतःविषयी दिलेली याहून खरी जबानी माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे माती उरलेली नाही, हे आम्ही सरकारी कागदावर मान्य केलेलं आहे.

समुद्रात उघडणारी बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की पाणी बाहेर जाणं राहिलं बाजूला, समुद्रच आत यायला बघतो. त्यावर तोडगा म्हणून आठ उदंचन केंद्रं ठरली. सहा झाली, मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षं रखडली. दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईच्या टक्केवारीवरून पालिका आणि विरोधक भांडतात. मिठी नदीतला गाळ काढण्याच्या कामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये गुन्हाही नोंदवला गेला. खरंखोटं न्यायालय ठरवेल. घर घेणाऱ्याने एवढंच ठरवावं, की आपल्या बैठकीच्या खोलीचं भवितव्य त्या गाळाच्या हवाली करायचं का.

त्या मिठीकडेच बघा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघायचं आणि माहीमच्या खाडीला मिळायचं, एवढाच जेमतेम १८ किलोमीटरचा तिचा प्रवास. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळायला लावलं. मुखाजवळच्या दलदलीत आणि तिवरांत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. उरल्यासुरल्या काठावर कारखाने, भंगारवाले, झोपड्या आणि भिंती. एवढं करून २००५ मध्ये नदी रस्त्यावर आली, तेव्हा आपण म्हणालो, नदीने पात्र सोडलं. आज त्याच संकुलातली काचेची कार्यालयं हिरव्या बांधकामाचे नमुने म्हणून मिरवतात. तिवरं कापून घातलेल्या भरावावर पाणी वाचवणारा नळ बसवून कोणती परतफेड होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

कायदा काय करतो? कायदा मागे सरकतो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाडीकाठची १०० मीटरची किंवा खाडीच्या रुंदीइतकी, जी कमी असेल ती पट्टी राखायची होती. २०१९ च्या अधिसूचनेने ती १०० ची ५० केली. भरतीचं पाणी त्या वर्षी ५० मीटर मागे गेलं नव्हतं, नियम गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं, म्हणून निदान काही ठिकाणी थोडा चिखल वाचला. आणि त्या चिखलाकडे खिडक्या काढून, त्यालाच ‘मॅन्ग्रोव्ह व्ह्यू’ म्हणत चौरस फुटाला जादा दर लावला जातो. ज्याने आपल्याला पुरापासून वाचवायचं, त्याच्याकडे नुसतं बघण्याचे पैसे.

भाच्याला घर घ्यायचं होतं, तेव्हा त्याच्याबरोबर मीही साइट बघत फिरलो. पूर्व उपनगरातल्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये टॅब हातात घेतलेली मुलगी आम्हाला सगळं भराभर दाखवत होती. मी विचारलं, “२००५ ला इथे पाणी किती चढलं होतं?”

“सर, तेव्हा इथे काहीच नव्हतं.”

“काहीच नव्हतं म्हणजे?”

“ओपन लँड होती, सर. पाणी आलं असेल तरी त्रास कोणाला होणार?”

भाचा मला कोपराने ढोसत होता, “मामा, पुरे.” पण मुलगी हुशार होती, तिने बाजू सावरली. “आणि सर, पोडियमच सहा मजल्यांचा आहे. तुमचा फ्लॅट बाविसावा. पाणी तिथपर्यंत येणार आहे का?”

मला तिचा राग आला नाही. तिला जे पाठ करायला दिलं होतं ते ती म्हणत होती. राग आला तो त्या उत्तरावर समाधानाने मान डोलावणाऱ्या, आमच्या मागे उभ्या असलेल्या जोडप्याचा. दोघंही बहुधा अभियंते असावेत. त्यांनी कर्जाच्या व्याजाचं गणित तोंडी करून दाखवलं होतं. त्यांना हे सुचू नये, की पाण्याला बाविसाव्या मजल्यापर्यंत येण्याची गरजच नसते? ते तळमजल्याच्या मीटर-खोलीपर्यंत आलं की झालं. पाण्याचे पंप तळघरात. लिफ्टचा खड्डा त्याच्या शेजारी. जनरेटरचं डिझेलही तिथेच. एवढं बुडलं की बाविसाव्या मजल्यावर तुम्ही अगदी कोरडे असता: प्यायला पाणी नाही, संडासात टाकायला पाणी नाही, लिफ्ट नाही, दिवा नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना बावीस जिने उतरायचं बळ नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली होती, तेव्हा पुराशिवायच टॉवरांचं हे बिंग फुटलं होतं. आपण ते दुसऱ्या दिवशी विसरलो.

पण हे सगळं निस्तरता येतं. मीटर वर चढवता येतात, पंप हलवता येतात, चांगले बिल्डर ते करतातही. माझं खरं भांडण पुढे आहे.

नवा टॉवर आपलं जोतं चार-पाच फूट उचलतो. अंगण काँक्रीटने बंद करतो, भोवती भक्कम भिंत घालतो, आवारातलं पाणी नळीने रस्त्यावर सोडतो. टॉवर कोरडा. मग पाणी गेलं कुठे? ते शेजारच्या १९७० सालच्या चार मजली सोसायटीत गेलं, पलीकडच्या चाळीत गेलं. तिथला तळमजला पूर्वी रस्त्यापेक्षा उंच होता. मग रस्ता डांबराच्या थरांनी वाढला, मग काँक्रीटचा झाला, आता घरात शिरायचं तर रस्त्यावरून पायरी उतरावी लागते. तिथली माणसं दारात विटांचा बांध घालतात, फ्रीज पलंगावर चढवतात, गॅसची शेगडी माळ्यावर ठेवतात आणि रात्रभर जागतात. टॉवरच्या शिक्क्यावर या रात्रीची नोंद कुठेच नाही. शेजाऱ्याच्या घरात ढकललेल्या पाण्याला आपण ‘हवामानबदलाला तोंड देणारी रचना’ म्हणतो. मी त्याला चोरी म्हणतो. तुमच्या कोरड्या लॉबीची किंमत दुसरा कोणीतरी ओल्या गादीने चुकवतो आहे.

हे फक्त टॉवरांचं नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, भराव घातला, आणि शेजारच्या डुंगी गावात पाणी शिरायला लागलं. सरकार मोठ्या मापाने करतं, तेच बिल्डर एकरात करतो, आणि तेच आपण आपल्या रो-हाउसच्या अंगणात फरशी बसवून करतो.

आता त्या शिक्क्याविषयी. हिरव्या बांधकामाच्या गुणपत्रिकेत जागेच्या निवडीचेही काही गुण असतात, हे मला माहीत आहे. पण सगळे गुण शेवटी एका बेरजेत जातात. गणितात नापास झालेल्या मुलाला चित्रकलेतल्या गुणांवर पहिला वर्ग द्यावा, तसा हा कारभार. आणि पहिल्या वर्गाचं बक्षीस काय? मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हिरव्या दर्जाच्या पायरीनुसार मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळतं. म्हणजे पृथ्वीवरचा भार कमी केल्याबद्दल त्याच भूखंडावर आणखी भार टाकायची परवानगी. असला विनोद लिहायला प्रतिभा लागते; आमच्या नगरविकास खात्याला तो सहज जमला.

मुंबईच्या नियमावलीचाही हिशेब मांडतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय या शहरात काही दिसत नाही. बागेसाठी राखायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नको, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दिला होता. मग २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची नियमावली आली. तिच्यानुसार त्या जागेतली ६० टक्के जमिनीवर हवी, आणि त्यातलीही निम्मीच खऱ्या मातीवर. उरलेली ४० टक्के पोडियमवर चालते. एक एकराच्या भूखंडाला मोकळी जागा २० टक्के. तिच्यातली ३० टक्के खरी माती. म्हणजे एका एकरात सक्तीची माती ६ टक्के, साधारण अडीचशे चौरस मीटर. बाकीच्या कडेच्या जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी फरसबंद. पोडियमवरच्या बागेत सहा इंच मातीवर लॉन, खाली मोटारी, आणि त्या बागेतलं पाणी मुरतं ते खालच्या मोटारींवर.

त्याच एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. मुंबईत असा पाऊस दर मोसमात एकदा तरी एका दिवसात पडतो. आणि हीच सोसायटी मे महिन्यात टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करत असते. मेमध्ये पाणी विकत घ्यायचं आणि जुलैमध्ये पंप लावून रस्त्यावर फेकायचं, याला ‘जलस्वयंपूर्ण’ म्हणायचं. पर्जन्यसंचयाचे खड्डे असतात, मान्य. पण खाडीकाठच्या भरावात पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी हातभर अंतरावर आलेलं असतं. भरलेल्या हंड्यात पाणी ओतून काय साठणार? तो खड्डा पाण्यासाठी नसतो, भोगवटा प्रमाणपत्रासाठी असतो.

आता आपल्याकडे येतो. बिल्डरला शिव्या घालणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण घेणारे कोण आहेत? आपणच. आपण घर बघायला जातो तेव्हा होकायंत्र घेऊन जातो. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, संडास ईशान्येला नको, दार पूर्वेला हवं. ईशान्येला पाणी असावं म्हणतात. कलिना आणि कुर्ल्यात २६ जुलैला ते आठही दिशांना होतं. ज्या माणसाने आठ दिशा तपासल्या, त्याने उतार कुठे आहे हे एकदाही विचारलेलं नसतं. शिवाय आपण घर बघतो कधी? दसऱ्याला, दिवाळीला, पाडव्याला. जमीन कोरडी ठणठणीत, आकाश निळं, बिल्डरची ‘ऑफर’ चालू. माझं ऐकायचं असेल तर घर बघण्याचा मुहूर्त मी सांगतो: आषाढातली दिव्यांची अवस, भरतीची वेळ, बाहेर मुसळधार. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी हेच तुमचं पंचांग. त्या दिवशी साइटवर पायी जा, गाडीतून नको. घोट्यापर्यंत पाणी कुठे लागतं, ते पायाला कळू दे.

माहिती विक्री कार्यालयात विचारू नका. नाक्यावरच्या वाण्याला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा, शेजारच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या आजीला विचारा. त्या आजीला कोणत्या वर्षी पाणी कोठीच्या कितव्या फळीला लागलं हे तोंडपाठ असतं. जुन्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दिसते. रंग काढला तरी ती वर येते. गावनकाशा काढा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा बघा, उपग्रहाची वीस वर्षांपूर्वीची चित्रं बघा. आज जिथे ‘क्लब हाउस’ आहे तिथून निळी रेघ जात असेल, तर ती रेघ परत येणार. नदीकाठी घर घेत असाल, तर पूररेषा विचारा. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेघ साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेघ १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात मुठेच्या काठी जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांची तारांबळ उडाली. ‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आपल्या कर्जाच्या मुदतीत एकदा, एवढं गणित तरी जमायला हवं. बदलापूर-कर्जतच्या बाजूला उल्हास नदीच्या काठी ‘निसर्गाच्या कुशीत’ प्लॉट विकले जातात. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह त्याच निसर्गाच्या कुशीत अडकली होती.

उंचावर जा म्हटलं की लोक डोंगराच्या पायथ्याशी जातात. ते उंचावर जाणं नव्हे. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरमध्ये डोंगरउतारावरची भिंत घरांवर कोसळली, माणसं झोपेत गेली. कापलेल्या डोंगराखाली घर म्हणजे पुराऐवजी दरड निवडणं.

घराच्या आत काय बघावं, तर जे आपल्या आज्यांना न सांगता कळत होतं तेच. कोकणातलं घर जांभ्याच्या उंच जोत्यावर असे, छपराच्या पाख्या खाली उतरलेल्या, पडवीला झड लागू नये म्हणून झापं बांधलेली. आज वारा दोन बाजूंनी यायला हवा, खिडकीवर खरा छज्जा हवा, पश्चिमेच्या भिंतीला काच नको. पुराच्या दिवशी वीज जाते आणि पाऊस थांबला की उकाडा मारतो. तेव्हा एसीवर चालणारी काचेची पेटी राहण्याजोगी उरत नाही. बाल्कनी खोलीत ढकलून मिळवलेल्या चाळीस चौरस फुटांत तुम्ही सावली विकलेली असते. आणि विमा. ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाणित गृहविमा पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, पुराचं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. मुद्रांक शुल्काचे लाखो रुपये मुकाट भरणारा माणूस विम्याच्या हप्त्याला घासाघीस करतो.

सगळ्यात हिरवं घर बहुतेक वेळा जुनं असतं, हे कोणी छापत नाही, कारण त्यात कोणाची दलाली नाही. उंच जागेवरची, चाळीस वर्षांची, नीट दुरुस्त केलेली, आवारात आंब्याचं झाड आणि खरी माती असलेली सोसायटी कुठल्याही प्लॅटिनमपेक्षा टिकाऊ आहे. धोकादायक झालेली इमारत पाडावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण जादा चटईक्षेत्रासाठी धडधाकट इमारत पाडायची, तिचा राडारोडा रात्री डंपरमधून खाडीकाठी न्यायचा, तिथल्या पाणथळीत ओतायचा, मग जुन्या जागेवर सौर पॅनेल लावायचे. या व्यवहारात पुराची जागा एका प्रभागातून दुसऱ्या प्रभागात सरकते, एवढंच होतं.

“मग मुंबईत राहायचंच नाही का? सगळी मुंबईच भरावावर आहे,” असं मला हमखास ऐकवलं जातं. सात बेटं जोडून शहर झालं हे खरं, आणि हिंदमाताची बशी दर पावसाळ्यात त्याची आठवण करून देते. तिथलं पाणी साठवायला आता मैदानांखाली टाक्या बांधाव्या लागल्या. पण पूर्वजांनी केलेला भराव हा आपल्या नव्या भरावाचा परवाना होत नाही. ते जोडत होते तेव्हा पाणी मुरायला साष्टीभर शेतं होती. आज मुरायला राहिलंय काय?

आणि ज्यांना निवडच करता येत नाही त्यांचं काय? माझ्यासारखे लोक ‘घर कसं निवडावं’ यावर लेख लिहू शकतात, कारण आमच्या हातात निवड आहे. कुर्ल्यातल्या नाल्याकाठी राहणाऱ्या बाईने निवडलं ते भाडं. सरकारनेही तिच्या वतीने निवड केलेली आहे. धारावीच्या पुनर्विकासात जे अपात्र ठरतील, त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन द्यायचं ठरलं. मिठागर म्हणजे भरतीचं पाणी आत घेण्यासाठीच सपाट केलेली जमीन. धारावीतून ज्यांना हलवायचं, त्यांना भरतीच्या पट्ट्यात बसवायचं, आणि तिथे साठणारं पाणी मुलुंड-भांडुपच्या रेल्वे रुळांकडे पाठवायचं. या योजनेच्या कागदांवरही कुठेतरी ‘शाश्वत’ हा शब्द असणारच. आजकाल तो लेटरहेडबरोबर छापूनच येतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि तिला एक पैसा खर्च नाही. घराच्या जाहिरातीवर आज रेराचा नोंदणी क्रमांक छापावाच लागतो. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आणखी तीन आकडे सक्तीचे करा. त्या जागेवर आजवर चढलेल्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी. इमारतीच्या जोत्याची पातळी. आणि लगतच्या सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्याची पातळी. पहिले दोन आकडे घेणाऱ्याला वाचवतील. तिसरा आकडा त्याला सांगेल, की तो कोणाच्या जिवावर कोरडा राहणार आहे. करारनाम्यावर सही करण्याआधी तेवढं माहीत असू दे. सरकार सक्ती करेपर्यंत थांबू नका. तुम्ही लेखी मागा. जो बिल्डर हे तीन आकडे द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या गच्चीवर अख्खं जंगल उगवलेलं असलं, तरी टोकनचा चेक फाडू नका.